सोबतीचा भत्ता

“जोरात ओढ,” हे म्हणाले. “टाय अशी लोंबती ठेवत न्हाईत.”

मला टाय बांधता येत नव्हती. हे तोंडानं सांगत होते तशी मी गाठ मारत होते आणि ती दर खेपेला एका अंगाला सरकत होती. बेळगावातल्या सैनिक आरामगृहाची खोली, जानेवारीची थंडी आणि खाटेच्या कडेला हे ताठ बसलेले. दाढीही मीच करून दिली होती. हनुवटीखाली पातं लागलं होतं, तिथं वर्तमानपत्राचा कपटा चिकटवला होता.

“सुभेदार काय म्हणाले ते ध्यानात हाय न्हवं?” मी म्हटलं. “रोजच्या कपड्यांत जायचं म्हणाले. घरात असता तसं.”

“आजारी माणसानं गबाळं ऱ्हावं असा कायदा हाय काय?”

“तसं न्हवं ओ...”

“साब लोकांपुढं जायचं हाय, वैजा. ब्लेझर काढ पिशवीतनं.”

ब्लेझर काढला. खिशावर पलटणीचा बिल्ला होता. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत हे तो घालून माझ्या माहेरी आले होते, तेव्हा खांद्यात घट्ट बसायचा. आता मी त्यांचा एकेक हात उचलून बाहीत घातला आणि बटणं लावली, तर आत आणखी एक माणूस मावेल एवढी जागा उरली.

या गोष्टीला पंचवीस वर्षं तरी होऊन गेली. माझे यजमान परशराम रेडेकर फौजेत नाईक होते. गडहिंग्लजच्या बाजूला आमचं गाव, घरटी एक माणूस फौजेत. ह्यांचं काम टेलिफोनच्या तारांचं. चौकीपासून चौकीपर्यंत तारा ओढायच्या, बर्फानं तुटल्या की जोडायच्या. एका हिवाळ्यात तार पिळता पिळता बोटं ऐकेनाशी झाली. थंडीनं असेल म्हणून चोळत बसले. मग सुट्टीवर आले तेव्हा विहिरीवर पोहरा हातातनं सुटला. उन्हाळा होता, थंडीचं नाव नव्हतं.

तपासण्या झाल्या. नसांचा आजार निघाला. हुकूम मेंदूतनं निघतो पण स्नायूपर्यंत पोचत नाही, आणि मग स्नायू वाळत जातात, असं एका डॉक्टरांनी समजावलं. हे हसून म्हणाले होते, “म्हंजे लाईन तुटली.” औषध नव्हतं. फौजेनं घरी पाठवलं. त्या वेळी एकच हात कमजोर होता, म्हणून फौजी डॉक्टरांच्या पहिल्या बोर्डानं अपंगत्व थोडंच लिहिलं, तेही दोन वर्षांपुरतं. त्या दोन वर्षांत दुसरा हात गेला, पाय ओढायला लागले, जीभ जड झाली. आता दुसरा बोर्ड.

आमच्या गावचे रिटायर सुभेदार कागणकर असल्या कामांसाठी सगळ्यांच्या बरोबर जात. कुणाची विधवा असो, कुणाचा पाय गेलेला असो, पदरचं तिकीट काढून हा माणूस हजर. मोठ्या मिशा, मोठा आवाज, आणि बोलताना मधेच हिंदी. महिनाभर आधी आमच्या सोप्यात बसून त्यांनी दोघांना समजावलं होतं. “या वेळी कायमस्वरूपी लिवून घ्यायचं. एकदा कायमस्वरूपी झालं की पुन्हा बोर्ड न्हाई, तपासणी न्हाई, पेन्शन जल्मभर. आणि याला माणूस सोबत लागतो असं बोर्डानं मानलं, तर सोबतीचा भत्ता वेगळा. पण परशा, एक ऐक. फौजेत आपण दुखणं लपवायला शिकतो. बोर्डापुढं ते करू नको. जो है, वो दिखाना.”

“जी साब,” हे म्हणाले होते.

घरात सासूबाई होत्या, मी त्यांना आत्ती म्हणायची. त्यांची नजर गेलेली. जमिनीचा तुकडा वाट्यानं दिलेला. त्या भत्त्यावर घर उभं राहणार की नाही हे ठरायचं होतं, म्हणून आदल्या रात्रीपासून मला घास गोड लागला नव्हता. आणि इथं हे टाय मागत होते.

इस्पितळ कॅम्पात होतं. लांबच लांब व्हरांडा, लाल फरशी, भिंतीला लागून बाकं, बाकांवर आमच्यासारखेच. एकाचा पाय नव्हता, एकाला सारखा खोकला. सुभेदारांनी ह्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

“परशा, लगनाला आलास काय रं?”

“साब, इज्जतीचा सवाल हाय,” हे म्हणाले.

नाव पुकारलं गेलं. मी उठवायला हात पुढं केला तर ह्यांनी मानेनं नको म्हटलं. बाकाला पाठ लावून, पोटऱ्यांवर जोर देऊन, कसेबसे आपले आपण उठले. दारापर्यंत गेले ते पाय न ओढता, एकेक पाऊल उचलून. घरात न्हाणीपर्यंत जाताना हा माणूस माझ्या खांद्यावर सगळा भार टाकायचा. कुठनं आणलं हे बळ, मला कळेना. दाराशी पोचून आत वळले तेव्हा मागनं मला त्यांची मान दिसली. घामानं कॉलर भिजली होती.

“आब्रू सांभाळतोय,” सुभेदार पुटपुटले. “आब्रूनं चूल पेटत न्हाई, वैजाबाई.”

बराच वेळ गेला. खोकणारा माणूस मला विचारत होता, कुठल्या गावच्या, किती वर्षं सर्व्हिस. मी काय उत्तरं दिली आठवत नाही. मग एक शिपाई बाहेर आला. “रेडेकरच्या घरातलं कोण आहे?”

आत तीन डॉक्टर होते. दोन पुरुष, आणि मधल्या खुर्चीवर एक बाई. त्या मेजर होत्या, नागपूरकडच्या, मराठीच बोलल्या. हे समोरच्या स्टुलावर बसलेले, दोन्ही हात मांडीवर. टेबलावर पाण्यानं भरलेला पेला होता.

“बसा ताई,” मेजरबाई म्हणाल्या. “तुमचे मिस्टर सांगतात, जेवण, आंघोळ, कपडे, सगळं ते स्वतः करतात. सोबत कुणाची लागत नाही. तपासणीत मला जे दिसलं त्यावरून हे पटत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. खरं काय आहे?”

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे माझ्याकडंच बघत होते. लग्न झाल्यापासून त्यांच्या डोळ्यांतला राग, थट्टा, लाड, सगळं मला ओळखू यायचं. हे त्यातलं काहीच नव्हतं. विनवणी होती. कधी कुणापुढं हात न पसरलेला माणूस मला नुसत्या नजरेनं विनवत होता, की वैजा, बोलू नको.

मला वाटलं, आब्रूसाठी.

“न्हाई मॅडम,” मी म्हटलं. “ते खोटं सांगत्यात.”

“वैजा,” हे म्हणाले.

“सगळं मी करते. दाढी, कपडे, हे बटण मी लावलंय, ही टाय मी बांधलीया. जेवण मी भरवते. घास लहान केला न्हाई तर ठसका लागतो, जीव घाबरा होतो. आंघोळ मी घालते. आणि...” पुढचं बोलायला जीभ रेटेना. तीन परके लोक, त्यांतले दोन पुरुष. “परसाकडंला नेते, धुते, मीच. एकदा मी शेताकडं गेलेली, हे उठायला गेले आणि चुलीपाशी पडले. सासूबाईंना दिसत न्हाई. मी येईपर्यंत तसेच पडून होते, कपडे खराब झाले होते. तेव्हापासनं मी कुठं जात न्हाई.”

मेजरबाईंनी पेला ह्यांच्याकडं थोडा सरकवला. “नाईक साब, थोडं पाणी प्या.”

हे पेल्याकडं बघत राहिले. ओठ कोरडे पडले होते.

“तहान न्हाई, मॅडम.”

मेजरबाईंनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग पेला उचलून आपल्या बाजूला ठेवला. दुसऱ्या डॉक्टरांकडं बघून त्या हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या, त्यांनी मान डोलावली. मग लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, “कायमस्वरूपी. शंभर टक्के. आणि चोवीस तास सोबत लागणार, तसंही मी लिहिते आहे. पुन्हा बोर्डाला यायचं नाही तुम्ही.”

“सोबतीचं लिवू नका, मॅडम,” हे म्हणाले. आवाज चिरकला होता. “बाकी काय लिवायचं ते लिवा. तेवढं लिवू नका.”

“का?”

ह्यांनी मान खाली घातली. बाईंनी लिहिलं.

उठताना ह्यांनी माझ्या खांद्यावर अंग टाकलं. आता ते एकेक पाऊल उचलणं नव्हतं, सगळा भार माझ्यावर. पण दारातनं बाहेर पडण्याआधी थांबले, वळले, आणि टाचा जुळवायचा प्रयत्न केला. मेजरबाई खुर्चीतनं उठून उभ्या राहिल्या.

इस्पितळाच्या आवारात गुलमोहराखाली दगडी कट्टा होता. तिथं ह्यांना टेकवलं. सुभेदार चहा आणायला गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “जिंकलीस, पोरी.” मी पिशवीतनं भाकरी-पिठलं काढलं, घास केला. ह्यांनी तोंड फिरवलं.

“रागावला?”

मी घास पुन्हा पुढं केला. ह्यांनी ओठ मिटले.

“चारचौघांत तसलं बोलले म्हणून राग आलाय. कळतंय मला. पण काय करणार होते मी?”

“त्याचा राग न्हाई.”

“मग?”

रस्त्यानं फौजेची एक गाडी गेली. मग हे म्हणाले, “तुझा दादा आलता दिवाळीत. परड्यात बोलत होतासा तुम्ही. मी खिडकीपाशी होतो.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

माझा दादा मिरजेला असतो. तो सांगत आला होता, की तिथल्या इस्पितळात नर्सिंगचा दीड वर्षाचा कोर्स आहे, सैनिकांच्या घरच्या बायकांना जागा राखीव आहेत, माझं शिक्षण त्याला पुरतं. लग्नाआधी मला तेच करायचं होतं. मी त्याला म्हणाले, “आणि ह्यांना कुणाच्या जिवावर टाकून येऊ?” दादानं विचारलं, “हे किती दिवस, वैजा?” मी म्हणाले, “आहेत तितके दिवस.” मग मी रडले होते. दादा निघून गेला. ह्यांना मी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

“बोर्डानं म्हटलं असतं, याला कुणाची गरज न्हाई, तर मी तुला मिरजंला घालवली असती,” हे म्हणाले. “तुला म्हटलं असतं, बघ, डॉक्टर म्हणत्यात. तू ऐकलं असतंस. आता त्यांनी कायमचं लिवलं. तू आता कायमची माझ्या खाटंला बांधली गेलीस.”

“आणि जेवण? जेवण कोण भरवणार होतं?”

“बघितलं असतं.”

“कोण बघणार होतं? आत्ती? उपाशी ऱ्हायला असता.”

“मरायचंच तर हाय की.”

हा शब्द आमच्या दोघांत तोवर कुणी उच्चारला नव्हता. डॉक्टरही उच्चारत नसत. मला असा राग आला की घास मी पिशवीत टाकून दिला. पाठ फिरवून बसले. मग मागनं आवाज आला म्हणून वळले, तर हे रडत होते आणि डोळे पुसायला हात वर येत नव्हते. मी पदरानं पुसले. माझे पुसायचे राहूनच गेले.

सुभेदार कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. हातात चहाचे कप होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“अरे येड्या,” ते म्हणाले, “तो भत्ता सोबतीच्या माणसाचा असतो. बायकोचा न्हवं. माणूस कोण ठेवायचा ते घरानं ठरवायचं. त्यात वैजाचं नाव कुठं हाय?”

ह्यांनी मान वर केली. “नाव न्हाई?”

“न्हाई.”

“दुसरा माणूस ठेवला तर चालतं?”

“कुणी का असंना. तुझी सेवा झाली म्हंजे झालं.”

हे माझ्याकडं वळले. दिवसभरात पहिल्यांदा चेहऱ्यावर रक्त दिसलं. “सटुप्पा मोकळा हाय,” ते म्हणाले.

सटुप्पा ह्यांचा चुलतभाऊ. गोव्यात हॉटेलात स्वयंपाक करायचा, हॉटेल बंद पडलं म्हणून घरी बसला होता. बायको नाही, मूल नाही, स्वभावानं गरीब.

“मी जाणार न्हाई,” मी म्हटलं. एसटीतही मी हेच म्हणत होते, घरी येऊनही. हे एवढंच म्हणाले, “बोर्डापुढं तू माझं ऐकलं न्हाईस. आता ऐक.”

जूनमध्ये मी मिरजेला गेले. गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. नवरा अंथरुणावर टाकून शिकायला निघाली. पाणवठ्यावर बायका माझ्या तोंडावर गप्प बसत आणि पाठ वळली की सुरू होत. आत्तींनी एकदाच विचारलं, “परत येशील न्हवं?” मग माझी पिशवी चाचपून त्यात चटणीची पुडी घातली.

एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी मी यायची. सटुप्पा ह्यांना स्वच्छ ठेवायचा, माझ्यापेक्षा मऊ भात करायचा. मी आले की हे सोप्यात खुर्चीवर बसलेले असत आणि पहिला प्रश्न ठरलेला. “काय शिकलीस?” मी सांगायची. ताप कसा घ्यायचा, सुई कुठं टोचायची, हाडांची नावं. हे लक्ष देऊन ऐकत, कधी चूक काढत. जीभ दिवसेंदिवस जड होत चालली होती. पुढं पुढं परक्याला त्यांचं बोलणं कळेना. मला आणि सटुप्पाला तेवढं कळायचं.

पहिलं वर्ष सरलं. मग आमच्या वॉर्डात एक मास्तर आले. त्यांना तोच आजार होता, ह्यांच्या पुढच्या टप्प्यावरचा. माझी ड्यूटी तिथंच होती. मास्तरांचं शेवटपर्यंत सगळं मी पाहिलं. काय आधी जातं, काय नंतर, ते मला डोळ्यांनी कळलं. उरलेलं मी वॉर्डातल्या सिस्टरांना विचारून घेतलं.

त्या शनिवारी घरी आले. दुपारची वेळ, अंगणात ऊन, सटुप्पा दळणाला गेलेला.

“काय... शिकलीस?”

“पट्ट्या बांधायला.”

“ते... मागल्या खेपंला.”

“इस्त्री करायला. चादरी कशा घालायच्या...”

“वैजा.” एकेक शब्दाला त्यांना वेळ लागत होता. “बोर्डापुढं... खरं बोललीस. मला... का... लपवतीस?”

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगितलं. गिळणं जाईल. मग दम पुरणार नाही. आडवं झालं की घुसमटेल, म्हणून बसवून ठेवावं लागेल. झोप वाढेल. बहुतेक झोपेतच. धडा पाठ म्हणून दाखवावा तसं मी सांगितलं, नाहीतर मला सांगताच आलं नसतं. हे फौजेत हुकूम ऐकत असतील तसं ऐकत राहिले.

“दुखंल?”

“दुखणार न्हाई. जीव घाबरा होईल.”

माझ्या मनात आलं, आता म्हणतील, तू तिथंच थांब, परीक्षा बुडवू नको. त्यांनी मला घालवण्यासाठी एवढं केलं होतं.

“तवा मातर,” ते म्हणाले, “तवा मातर... तू... हितं अस.”

“असेन,” मी म्हटलं.

दिवाळीनंतर सटुप्पाचा फोन आला, की गेले दोन दिवस पेज घशाखाली जात नाही. परीक्षा तोंडावर होती. मॅट्रन म्हणाल्या, आता गेलीस तर सहा महिने वाया जातील. मी दुपारची एसटी पकडली.

शेवटचे दिवस मी त्यांच्या मागं बसून असायची, खाटेवर, भिंतीला टेकून. त्यांची पाठ माझ्या छातीवर. तसं बसवलं की दम पुरायचा. पुढं काय होणार ते पायरी पायरीनं मला माहीत होतं आणि ते तसंच होत गेलं. माहीत असण्याचा उपयोग एवढाच झाला की मी घाबरले नाही, आणि मी घाबरले नाही म्हणून तेही घाबरले नाहीत.

गेले त्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन आत आलं होतं. आत्ती उंबऱ्याशी बसल्या होत्या. सटुप्पा पाणी तापवत होता. ह्यांचा श्वास लांबत चालला होता. मधेच त्यांनी डोळे उघडले, मान माझ्याकडं वळवायला पाहिली, ओठ हलले. एक शब्द होता, फार तर दोन. दोन वर्षं त्यांचं तुटकं बोलणं मी ओळखत आले होते, जगात कुणाला न कळलं तरी मला कळायचं. तेवढं एक कळलं नाही.

“काय म्हणालात?” मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. “पुन्हा म्हणा.”

ओठ परत हलले नाहीत.

मी सटुप्पाला विचारलं, त्यानं ऐकलं का. तो चुलीपाशी होता, त्याला काही ऐकू आलं नव्हतं. आत्तींनी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, तुझं नाव घेतलं.

आत्तींना ऐकू चांगलं यायचं. पण मी ह्यांच्या ओठांपासून वितीवर होते, आणि ते माझं नाव नव्हतं.